छोटं मिलिंग मशीन आणलंय, पहिलं टूलिंग काय घेऊ? बजेट १८ हजार

सांगलीचा_नवखा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. मागच्या आठवड्यात एक सेकंडहँड मिनी मिल आणलं, सीग एक्स-२ टाइपचं, ५०० वॅटची मोटर, स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या दांड्याला) एमटी-३ टेपर, म्हणजे आत निमुळतं भोक. ज्यांच्याकडून घेतलं ते गाव सोडून चालले होते म्हणून स्वस्तात मिळालं, पण टूलिंगच्या नावाने शून्य, फक्त एक ड्रिल चक आणि एक गंजलेला ड्रिल वाइस. मी शिकलोय इलेक्ट्रॉनिक्स, मशीनवर काम केलेलं नाही, कॉलेजात वर्कशॉपला कानस मारून एमएसचा (माइल्ड स्टीलचा) चौकोन केला होता तेवढंच. आता पितळी सिलिंडरचं एक छोटं वॉबलर स्टीम इंजिन करायचंय, आणि दुर्बिणीच्या माउंटसाठी ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट. स्टील कधीतरी, थोडंसंच.

ऑनलाइन कार्टमध्ये सध्या एवढं टाकून ठेवलंय: सोनेरी कोटिंगवाला २० एंडमिलचा (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या कटरचा) सेट, इन्सर्टवाला ५० मिमीचा फेस मिल, ईआर-३२ कॉलेटचा (कटर आवळून धरणाऱ्या चिरलेल्या बाहीचा) १८ नगांचा पूर्ण सेट, ४ इंची फिरत्या बेसचा वाइस आणि रोटरी टेबल. बेरीज केली तर ३९ हजार झाली आणि घरात १८ च्या वर एक रुपया मिळणार नाही असं सांगण्यात आलंय. यातलं काय ठेवू, काय उडवू? आणि तोपर्यंत ड्रिल चकमध्येच एंडमिल पकडून चालेल का?

अर्धवट_प्रोजेक्ट

अभिनंदन आणि सहानुभूती दोन्ही, कारण हेच मशीन माझ्याकडे चार वर्षं आहे आणि टूलिंगवर मशीनपेक्षा जास्त पैसे गेलेत, त्यातले निम्मे फुकट.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. ड्रिल चक सरळ खाली दाबायच्या जोरासाठी असतो. एंडमिलला आडवा जोर येतो, वर तिचं पीळ दिलेलं धारेचं अंग तिला चकातून खाली ओढत असतं. चकाचे तीन जबडे शँकला (कटरच्या गुळगुळीत दांड्याला) तीन बारीक रेघांवरच धरतात, त्यामुळे कट चालू असताना एंडमिल हळूहळू खाली सरकते आणि तुला वाटतं आपण १ मिमी घेतोय, प्रत्यक्षात २ होतात. शिवाय चक ज्या छोट्या टेपरवर नुसता बसवलेला असतो तो आडव्या थरथरीने सुटतो. माझा सुटला होता. फिरता चक कटरसकट टेबलावर नाचत गेला आणि मी दाराबाहेर होतो, कसा गेलो आठवत नाही.

कार्टमधलं माझ्या मते सगळंच उडव. खरंच. २० नगांच्या सेटमधल्या सहा सोडल्या तर बाकीच्यांना तू हात लावणार नाहीस, आणि त्या सहा सगळ्यात आधी बोथट होतील.

टूलरूम_काका

मी चिंचवडला टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली, आता निवृत्त आहे, तेव्हा जरा लांबलचक लिहिलं तर चालवून घ्या.

नवीन माणूस कटर बघून भुलतो. कटर संपणारी वस्तू आहे, आज आहे उद्या भंगारात. तुमचे पैसे जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरणाऱ्या आणि कटर धरणाऱ्या वस्तूंवर गेले पाहिजेत, आणि तिसरं म्हणजे डायल. तुमचं मशीन हलकं आहे, त्यात जॉब सैल, कटर सैल, तर जगातला कितीही महाग कटर लावा, फिनिश येणार नाही.

वाइसचं सांगतो. ड्रिल वाइसचा हलता जबडा आवळताना वर उचलला जातो आणि त्याबरोबर जॉबही उचलतो, म्हणून वरचा फेस मारलात तरी खालच्याला समांतर येत नाही. ४ इंची फिरत्या बेसचा तर मुळीच घेऊ नका, तुमच्या टेबलाची रुंदीच ९० मिमीच्या आसपास, त्यावर तो हत्ती बसवला की उंची खाऊन टाकेल आणि आडवा लटकेल. फिरता बेस म्हणजे आणखी एक सांधा, हलायला आणखी एक जागा. तुम्ही टूलमेकर वाइस घ्या, ग्राइंडिंगवाले वापरतात तो, मागून लांब स्क्रू नसलेला, आतला बोल्ट तिरका ओढून जबडा पुढे आणि खाली दोन्हीकडे दाबतो. ६० ते ७५ मिमी रुंदीचा पुरे. सगळ्या बाजू ग्राइंड केलेल्या असतात, आडवा पाडूनही वापरता येतो.

पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या) आत्ता विकत घेऊ नका. लेथचे १० मिमी चौकोनी एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट असतात ना, ते ग्राइंड केलेलेच येतात, दोन सारखे घ्या आणि जॉबखाली ठेवा. किंवा एकाच नंबरच्या दोन जुन्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा, रुंदी मायक्रोमीटरने बघून घ्या, फरक सापडायचा नाही. आमच्याकडे ड्रॉवर भरून असायच्या.

आणि जॉबची एक बाजू ओबडधोबड असेल, सॉने कापलेली किंवा कास्टिंगची, तर हलता जबडा आणि जॉब यांच्यामध्ये एक गोल बार आडवा ठेवून आवळा. मग जॉब पक्क्या जबड्यावर सपाट टेकतो, मागची बाजू कशीही असो. ही गोष्ट आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवायचे, कारण काटकोन येत नाही म्हणून सगळे गुण्या बदलत बसायचे.

उद्यमनगरी

काकांनी मुद्द्याचं सांगितलंय. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात घरचं छोटं वर्कशॉप हाय, त्यामुळं माझा सल्ला जरा बाजारातला.

भावा, आधी ड्रॉबार, म्हणजे टेपर वर ओढून धरणारा लांब बोल्ट, काढ आणि आटे मोज. एमटी-३ म्हटलं की झालं असं नसतंय. या मशीनला कुठं एम-१० चा ड्रॉबार असतोय, कुठं एम-१२, आणि सेकंडहँड असलं तर आधीच्या माणसानं काय करून ठेवलंय देव जाणे. चक मागवलास आणि आटे बसंनात, मग परत पाठवायची कटकट. तसं झालंच तर रडत बसू नको, हार्डवेअरच्या दुकानात ८.८ ग्रेडचा लांब बोल्ट नायतर स्टड घेऊन नवा ड्रॉबार करता येतोय, स्पिंडलच्या भोकातनं गेला म्हणजे झालं.

दुसरं, एमटी-३ टेपर चिकटतोय. काढताना ड्रॉबार एक-दोन आटे सैल कर आणि वरनं पितळी नायतर तांब्याच्या हातोडीनं एकच ठोका दे. पूर्ण काढून मग ठोकलंस तर ठोका टेपरला लागायचाच नाही. आणि गदागदा आवळू पण नकोस, ती काय बैलगाडीची धाव नव्हं.

खरेदी ऑनलाइनच करायला पाहिजे असं नाही. सांगलीहून कोल्हापूर तासाभराचं. पुण्यात जाणं होत असेल तर रविवार पेठेत बोहरी आळी, मुंबईत नागदेवी. मिरांडा नायतर ॲडिसनची एचएसएस एंडमिल सुटी मिळती, एकेक घे. सोनेरी रंगाला भुलू नको, रंग कुणीबी देतंय.

अर्धवट_प्रोजेक्ट

कॉलेटबद्दल माझं मत: ईआर-३२ नको, ईआर-२५ घे. ईआर-२५ मध्ये १६ मिमीपर्यंत शँक बसते आणि या मशीनवर १६ चा कटर लावायची वेळच येत नाही. चक लहान, नट लहान, उंची कमी खातो.

सेटही नको. कॉलेट फक्त ६, ८, १० आणि १२. ईआर कॉलेट साधारण १ मिमी दाबला जातो, म्हणजे १० चा कॉलेट १० पासून ९ पर्यंत धरतो, आणि जुन्या बाजारातून ३/८ इंच शँकची एंडमिल मिळाली तर ती ९.५ मिमीची असते, त्याच कॉलेटमध्ये बसेल. पाव इंचाला मात्र ७ चा लागेल, तो नंतर.

एक चूक सगळे करतात, मीपण केली. कॉलेट आधी चकात ठेवून वरून नट फिरवायचा नाही. नटाच्या आत एक कडी असते, कॉलेट तिरका धरून आधी नटात टक्‌ करून बसवायचा, मग त्यात कटर घालायचा, मग हे सगळं मिळून चकावर चढवायचं. नाही केलं तर कॉलेट सोडवताना आतच अडकून बसतो, शिवाय कटर केंद्रात फिरत नाही, एक दात कापतो आणि बाकीचे मजा बघतात.

टूलरूम_काका

मी मात्र या मशीनवर ईआरच्या विरोधात आहे. थेट एमटी-३ टेपरचे कॉलेट मिळतात, ते सरळ स्पिंडलमध्ये जातात, मध्ये चक नाही, नट नाही. कटर स्पिंडलच्या तोंडाला चिकटून राहतो. हलक्या मशीनला जितकं लटकणं कमी तितकं बरं. उंचीही वाचते.

अर्धवट_प्रोजेक्ट

काका, कडकपणाचं मान्य आहे, पण दर वेळी कटर बदलायला हातोडी. आणि ते कॉलेट ठरलेल्या मापाच्या पलीकडे काही धरत नाहीत, ६ चा म्हणजे ६. शिवाय याचं मशीन घरात आहे, रात्री साडेदहाला ठोका मारला की शेजारी येतात, माझ्याकडे आलेत.

टूलरूम_काका

शेजाऱ्यांचा विचार मी केला नव्हता. बरं, मग ईआर-२५ घ्या, पण १२ चा एकच थेट कॉलेट जवळ ठेवा, जड कामाला उपयोगी पडेल.

कार्बाइडवाला

सगळे एचएसएस एचएसएस करताय पण मी भोसरीत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मोठ्या मिलिंग मशीनवर) काम करतो, आमच्याकडे एचएसएस एंडमिल कोणी बघत पण नाही. ॲल्युमिनियमसाठी ६ मिमीची ३ फ्लूटची (चिप निघायच्या खाचांची) पॉलिश केलेली सॉलिड कार्बाइड घे, आरशासारखा फेस येतो. आमच्याकडून वापरलेले कटर मिळतील का असं बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, कार्बाइडचा भंगारही किलोवर विकला जातो, फुकट कोणी देत नाही, पण रीग्राइंड करणाऱ्यांकडे कधीकधी स्वस्तात असतात.

टूलरूम_काका

तुमची व्हीएमसी काही टनांची आहे, स्पिंडल ८ हजारला फिरतो आणि फीड, म्हणजे जॉब पुढे सारणं, कंट्रोलर देतो. याचं मशीन जास्तीत जास्त २५०० ला फिरतं आणि फीड याचा हात देणार. कार्बाइड कठीण पण ठिसूळ. हाताने फीड देताना झटका बसला किंवा मशीन थरथरलं की कोपरा उडालाच. एचएसएस मार खातं, वाकतं, बोथट होतं, पण सांगून मरतं. ॲल्युमिनियमला ६ चा एक कार्बाइड नंतर घ्यायला हरकत नाही, हात बसल्यावर.

हिशोब करून बघा. एचएसएसने माइल्ड स्टील साधारण २५ मीटर प्रति मिनिट कापायचं. आरपीएम म्हणजे १००० गुणिले २५, भागिले ३.१४ गुणिले कटरचा व्यास. १० मिमीच्या कटरला ८०० च्या आसपास आले. चार दात, प्रत्येक दाताला ०.०३ मिमी, म्हणजे मिनिटाला साधारण ९५ मिमी फीड. हे सगळं तुमच्या मशीनच्या आवाक्यात आहे. ॲल्युमिनियमला ६० मीटर धरा तरी १० च्या कटरला १९०० येतात, तेही जमतं. कार्बाइडचा जो फायदा आहे तो स्पीडचा, आणि तो घ्यायला तुमच्याकडे ना आरपीएम ना ताकद.

कार्बाइडवाला

बरोबर आहे काका, हाताच्या फीडचा विचार केला नाही, माझ्या हाताला बटणांचीच सवय. एक भर घालतो, ॲल्युमिनियमला दोन फ्लूटची घे, चारची नको, चिप निघायला जागा लागते नाहीतर फ्लूट भरून वेल्ड होतात. आणि खिडकीच्या सेक्शनचं भंगार ॲल्युमिनियम वापरू नकोस, ते ६०६३, चिकट असतं. ६०६१ किंवा ६०८२ चे तुकडे बघ. ब्रशने रॉकेल लावत जा, नसेल तर डब्ल्यूडी-४०.

उद्यमनगरी

पितळ मात्र कोरडंच मार. आणि बिडाचं कास्टिंग कधी आणलंस तर पहिला कट कातडीच्या खाली घे, वरची कातडी कडक असती आणि तिच्यात वाळू, नुसतं वरवर घासत बसलास तर कटरची धार पाच मिनिटांत जाती.

५० च्या फेस मिलबद्दल कुणी बोललं नाही. ते उडव. ५०० वॅटला ते ओढवायचं नाही. त्याऐवजी फ्लाय कटर कर, कर म्हणजे स्वतः कर: एमएसचा गोल तुकडा, त्यात तिरकी खाच, दोन ग्रब स्क्रू, आणि लेथचा एचएसएस बिट घासून लाव. बिट घासायला ग्राइंडर नसेल तर गल्लीतला कुणीबी टर्नर दोन मिनिटांत घासून देतोय, चहा पाज म्हणजे झालं.

अर्धवट_प्रोजेक्ट

फ्लाय कटर ॲल्युमिनियमवरच वापर आणि ३५-४० मिमीपेक्षा मोठा फिरवू नकोस. या मशीनच्या हेडमध्ये बऱ्याचदा प्लास्टिकचे गिअर असतात. फ्लाय कटर दर फेरीला एक दणका देतो, स्टीलवर तो दणका सरळ गिअरच्या दातांना जातो. मी गणपतीच्या सुट्टीत एका दुपारी तीन दात घालवले आणि दिवाळीपर्यंत मशीन बंद. नंतर बेल्ट ड्राइव्ह केला, पण तो वेगळा धागा होईल.

आणि कॉलम. तो खाली एकाच मोठ्या नटावर उभा असतो, तिरका करता यावा म्हणून. तोच या मशीनचा सगळ्यात हलका सांधा. नट नीट आवळ आणि जमलं तर मागे एक जाड प्लेट टेकू म्हणून बसव, कुठल्याही कटरपेक्षा जास्त फरक पडेल.

सांगलीचा_नवखा

बाप रे, एवढं उत्तर येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. दोन शंका. डायल नक्की कशाला लागतो, माझ्याकडे डिजिटल कॅलिपर आहे तो नाही चालणार का? आणि क्लॅम्पिंग किट ५८ नगांचं दिसतंय, एवढे नग लागतात का?

टूलरूम_काका

कॅलिपर माप घेतो. डायल फरक दाखवतो. वाइस टेबलाला सरळ बसलाय की तिरका, स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे की नाही, कटर केंद्रात फिरतोय की नाही, हे कॅलिपरला कळत नाही. ०.०१ चा साधा प्लंजर डायल आणि मॅग्नेट स्टँड घ्या, बेकरचा मिळाला तर आयुष्यभर पुरेल, नाहीतर सुरुवातीला साधाही चालेल कारण तुम्हाला अचूक माप नको, काटा हलतोय की स्थिर एवढंच बघायचंय.

करायचं काय, तर कॉलेटमध्ये एक रॉड धरून त्याला डायल लटकवा, टेबलावर जाड काचेचा तुकडा ठेवा म्हणजे टी-स्लॉटमध्ये (टेबलाच्या खाचांमध्ये) टोक अडकणार नाही, मशीन बंद ठेवून स्पिंडल हाताने फिरवा आणि डावी-उजवीकडचं रीडिंग बघा. डावी-उजवीचा फरक कॉलम तिरका करून निघतो. पुढे-मागे फरक आला तर कॉलमच्या बुडाशी पत्री. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो, तो कात्रीने कापून वापरा.

उद्यमनगरी

क्लॅम्प किट घे पण आधी टी-स्लॉटची रुंदी मोज. १२ चा स्लॉट असंल तर १२ चंच किट, आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार. ५८ नग म्हणजे त्यात स्टड, नट, पायऱ्या पायऱ्यांचे ठोकळे, सगळं धरून. निम्मं पडून राहतंय हे खरं, पण सुटं घेतलं तर जास्त पडतंय. क्लॅम्प लावताना एक ध्यानात ठेव, बोल्ट जॉबच्या जवळ पाहिजे, ठोकळ्याच्या जवळ नको, आणि ठोकळ्याकडची बाजू केसभर उंच. बरेच जण उलटं करतात, मग क्लॅम्प ठोकळाच घट्ट धरतोय आणि जॉब उडतोय.

अर्धवट_प्रोजेक्ट

जॉबची कडा शोधायला एज फाइंडर घे, स्वस्त असतो. १० मिमी शँक, टोक ४ मिमीचं असेल तर टोक टचकन सरकलं की केंद्र कडेपासून २ मिमीवर, एवढंच. ५००-६०० आरपीएमच्या वर फिरवू नकोस, आतली स्प्रिंग ताणली जाते. तो येईपर्यंत पतंगाचा कागद ओला करून जॉबच्या कडेला चिकटव, कटर फिरवत हळू जवळ आण, कागद उडाला की कडा लागली, कागदाची जाडी आधीच मोजून ठेव.

आणि तुझा डिजिटल कॅलिपर जपून ठेव, पुढे टेबलाला आडवा बसवून त्याचा गरिबांचा डीआरओ (टेबल किती सरकलं ते दाखवणारा डिस्प्ले) होतो. बॅकलॅशच्या (स्क्रूतल्या खेळाच्या) भानगडीतून निम्मी सुटका.

टूलरूम_काका

बॅकलॅश निघालाच आहे तर, कटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने जॉब ढकला. त्याच दिशेने सारला तर कटर जॉबला ओढतो, स्क्रूमध्ये जेवढा खेळ आहे तेवढं टेबल एकदम पुढे उडी मारतं आणि एंडमिल तुटते. फिनिशसाठी शेवटचा बारीक कट तसा घेतात, पण ते नंतर.

सांगलीचा_नवखा

दीड महिन्यानंतर अपडेट देतोय, उशीर झाला, माफी.

कार्ट पूर्ण रिकामं केलं. शेवटी घेतलं ते असं: ७३ मिमीचा टूलमेकर वाइस ४२०० ला, त्यातच सगळ्यात जास्त गेले. ईआर-२५ चक आणि चार कॉलेट मिळून २३००, १२ चं क्लॅम्प किट २६००, डायल आणि स्टँड १९००, एज फाइंडर ५५०. एंडमिल सहाच, सगळ्या एचएसएस, ६, ८ आणि १० च्या दोन फ्लूटच्या, आणि त्याच मापाच्या चार फ्लूटच्या, २१०० झाले. एचएसएसचे दोन बिट पॅरलल म्हणून आणि एक फ्लाय कटरसाठी. चौदा-साडेचौदा हजारांत बसलं, उरलेल्यातून सेंटर ड्रिल, एम-३ ते एम-६ टॅप आणि ॲल्युमिनियमचे तुकडे घेतले. रोटरी टेबल स्वप्नात.

ड्रॉबारचं उद्यमनगरीदादांनी सांगितलं ते खरं निघालं, आधीच्या मालकांनी एम-१० चा काढून स्वतःच इंची आट्यांचा बसवला होता आणि चक आला एम-१२ चा. भोकातून एम-१२ जात होता, मग मार्केट यार्डाजवळ एका टर्नरकडून ड्रॉबार करून घेतला, त्यांनी दीडशे घेतले आणि अर्धा तास मशीनची चौकशी केली.

ट्रॅम करायला (स्पिंडल टेबलाला काटकोनात आणायला) दोन संध्याकाळ गेल्या. आता १०० मिमीवर ०.०३ राहिलाय, एवढ्यावर थांबू का? पहिला ब्रॅकेट झालाय, एका बाजूला कटरच्या खुणा दिसतात पण चार कोपऱ्यांना गुण्या लावला तर उजेड दिसत नाही. दोन फ्लूटची ८ वाली सगळ्यात जास्त वापरतोय, चार फ्लूटच्या अजून कागदातच आहेत, म्हणजे त्या तीनही नंतर घेतल्या असत्या तरी चाललं असतं. आज पितळी सिलिंडरचा ठोकळा लावलाय, सेटअपचा फोटो जोडतोय, काही चुकत असेल तर सांगा.

अर्धवट_प्रोजेक्ट

०.०३ वर थांब आणि काम कर. मी ०.०१ च्या मागे लागून एक पावसाळा घालवला.

उद्यमनगरी

ठोकळा वाइसच्या बाहेर लय वर आलाय भावा, निम्म्याहून जास्त. खालचा बिट काढ आणि खाली बसव.

टूलरूम_काका

गोल बार लावलेला दिसला, बरं वाटलं. पण फोटोत वर बघा, ड्रॉबारवर पाना तसाच राहिलाय आणि मशीनचा स्विच ऑन दिसतोय. आधी पाना काढा.